उघाडीवर कोण होतं

बाबा, काल पाचवीच्या वर्गावर नवाश्मयुगाचा धडा घेत होते. दरवर्षी घेते, त्यात नवीन काही नाही. आधी माणूस शिकार करत, मासे मारत, कंदमुळं उकरत फिरायचा. मग त्याला शेतीचा शोध लागला, तो एका जागी राहायला लागला, गावं वसली, मडकी आली, धान्य भरडायचे दगड आले. सगळं कसं गुण्यागोविंदाने. बावीस वर्षं मी हे शिकवतेय आणि बावीस वर्षं मला या धड्याचा संशय येतोय. ज्यात एकही भांडण नाही अशी गावाची गोष्ट कोणी सांगितली, की हा माणूस काय लपवतोय तेच मी आधी बघते. काल मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, शिकारवाल्यांचं भांडण झालं तर एक ग्रुप दुसरीकडे निघून जायचा ना? मग शेतीवाल्यांचं झालं तर ते कुठे जायचे?" मी म्हटलं, कुठे जाणार, पेरलेलं टाकून जाता येतं होय, तिथेच राहायचे. "बाजूबाजूला?" हो, बाजूबाजूला. "मग फुल टेन्शन ना, मॅडम." वर्ग खो खो हसला. मला हसू आलं नाही. मला आपलं घर आठवलं, काकाचं घर आठवलं आणि दोन्हींच्या मधली ती एकच भिंत.

तुला सांगायला नको, पण मला एकदा नीट मांडून बघायचंय. गावाची सगळी भातशेती खाडीच्या बांधामागे होती आणि त्या बांधात उघाडी होती, लाकडी झडपेची. ओहोटीला शेतातलं जास्तीचं पाणी तिच्यातून बाहेर जायचं, भरतीला झडप दाबून बसायची आणि खारं पाणी बाहेरच राहायचं. पीक उभं असताना भरतीला झडप उचलायची नाही, हे गावातलं शेंबडं पोरही जाणत होतं. मी तर नऊ वर्षांची होते. दसरा होऊन गेलेला, लोंब्या भरून वाकलेल्या, पुनवेचं उधाण. भर दुपारी मी तुझी भाकरी घेऊन बांधावर येते आणि बघते तर तू झडपेखाली बांबू घालून ती वर उचललीयस. पाणी धो धो आत येतंय, तू कमरेएवढ्या पाण्यात जाळं धरून उभा आहेस, आणि तुझा चेहरा इतका खूश आहे की भात झोडताना मी तो तसा कधीच पाहिला नव्हता. "येक जिताडा गावला का लगेच झडप टाकतू," तू म्हणालास. "तू घरा जा. आनि कोनाला बोलू नको." जिताडा गावला. पण पाण्याने फुगलेली झडप तुला एकट्याला खाली ओढता आली नसणार, आणि मदतीला हाक मारायची तर काय सांगून मारणार? संध्याकाळपर्यंत निम्म्या गावाचं उभं भात खाऱ्या पाण्यात होतं.

पंच आपल्याकडे आले, कारण मला बांधाकडे जाताना कोणीतरी पाहिलं होतं. त्यांनी मला पडवीत बोलावलं. तिथे फक्त ते, मी आणि दारात उभा असलेला तू. "पोरी, उघाडीवर कोन व्हता?" मी तुझ्याकडे बघितलं. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मी म्हटलं, काका. काकाच का, हे मला आजही सांगता येत नाही. त्याचं शेत उघाडीला सगळ्यात जवळ होतं म्हणून असेल. पंचांनी माझं नाव कुठे काढलं नाही, गावाला एवढंच सांगितलं की बघणारा माणूस आहे. त्या संध्याकाळी आईने जिताड्याचं कालवण केलं. कुठून आणला, तिने विचारलं नाही. तू पोटाची मोठी तुकडी माझ्या ताटात टाकलीस. ती माया होती की माझं तोंड बंद करायला होती, बाबा? एवढं एक कळलं असतं तरी मी तुझ्यावर धड प्रेम तरी केलं असतं, नाहीतर धड राग तरी. पुढच्या वर्षी काकाच्या लावणीला गावातलं एकही माणूस आलं नाही. त्याने शेत पडीक टाकलं आणि पावणे गावातल्या एका कारखान्यात कामाला लागला. आणि गावाने बांधाची राखण दिली ती तुला! तू ती घेतलीसही. तू गेलास तेव्हा काका आला, खांदा दिला, आणि कोणाशी एक शब्द न बोलता परत गेला.

मला वाटतं, तू मुळात शेतकरी नव्हतासच. शेती आजोबांनी तुझ्या गळ्यात बांधली. हजारो वर्षांपूर्वीही असा एखादा असणारच, पेरलेलं सोडून नदीवर पळणारा, धड्यात नसला तरी. तेव्हा फिरत्या टोळीत कोणी असं काही केलं असतं तर चार दिवस बोंबाबोंब झाली असती आणि मग कोणी इकडे, कोणी तिकडे पांगलं असतं. पण पीक उभं असलं की पांगता येत नाही. ज्याच्यावर आळ घेतला त्याच्याच भिंतीला टेकून झोपावं लागतं, त्याची खोकल्याची उबळसुद्धा ऐकावी लागते. पुस्तक याला स्थिर जीवन म्हणतं.

आता त्या शेतांवर सीवूड्सच्या सोसायट्या उभ्या आहेत. मीही त्यातल्याच एकीत राहते. गावठाणातली आपली दोन घरं पाडून एक बिल्डिंग करायचं ठरलंय, आणि काका सही करत नव्हता. परवा त्याच्या मुलाचा फोन आला. "ताई, बाबा ऐकतच नाय. बोलतात, मोठ्या भावाच्या घरातनं कोनीतरी येऊन बोला का पानी मी नाय सोडला. मगच सही करीन." आई गेली, पंच गेले, तू गेलास. बोलायला मी एकटीच उरलेय.

आज दुपारी गेले. काका दारात खुर्ची टाकून वाल सोलत बसला होता. मी उभ्यानेच सांगितलं, "काका, पाणी बाबाने सोडलं होतं. मी भाकरी घेऊन गेले होते, माझ्या डोळ्यांनी बघितलं." आजूबाजूच्या चार जणांनी ऐकलं. काकाने हातातला वाल सोलून टोपात टाकला. मग म्हणाला, "ठावकं हाय मना. त्या सांजंला जिताड्याचा वास भिंतीपल्याड आला, तवाच समजला." मी विचारलं, मग गावाला का नाही सांगितलंस? "सख्खा भाव व्हता माजा." मग त्याने मुलाला कागद आणायला लावले आणि सही केली. मी निघाले तेव्हा त्याने मागून विचारलं, अगदी साधेपणाने, "पन मना उघाडीवर बघितला असा बोलला, तो कोन गं?"

त्याला तेही ठाऊक असावं, असा मला संशय आहे. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं आणि दोन्ही वेळा पाय पुढेच पडले. हे पत्र खरं तर त्याच्या हातात द्यायला हवं होतं, भिंत पाडायच्या आधी. तुला लिहिलं, कारण तू काही विचारणार नाहीस. त्याला मी म्हटलं, "माहीत नाही, काका. मी लहान होते."