लाडवाआधी लेबल

दिवेआगर,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. प्राप्तीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. आधी सोबतचा कागद बघ! लाडवांचा रिपोर्ट आला गं! 'ग्लुटेन-फ्री' लिहायला किलोमागे वीस मिलिग्रॅमची मर्यादा. आपले ओट्स-नारळाचे लाडू पाचाच्याही खाली! मी अंगणातच नाचले. हे म्हणाले, "पन्नाशीत पाय मोडून घेशील."

लेबल दोनदा बदललं. ओट्सना नियमात गहू-जवाच्याच पंगतीत बसवलंय, म्हणून 'ओट्स आहेत' हे ठळक लिहायचं. सगळं पाठ केलंय, हवी तर परीक्षा घे.

आणि घरघंटी घेतली! तिच्यात गव्हाचा दाणा पडू देत नाही. शेजारची शकू गव्हाचा डबा घेऊन आली, तिला दारातूनच पिटाळलं. आता बोलत नाही माझ्याशी. नाही तर नाही.

घरघंटी का घेतली, ते लिहायला दोनदा बसले नि उठले. लाडू विकायच्या अर्जात विचारलं होतं, 'दळण कुठे करता?' तिथेच पेन अडलं.

गेल्या मे महिन्यात तू स्वतः आणलेले चोख ओट्स मी हरेश्वरच्या गिरणीत नेले. लाडवाला मिक्सरचं पीठ मला पटेना. गिरणीत आधी विचारतात, कशावर दळू? तो म्हणाला, "केसरताय, गव्हावर चालू हाय. तांदूळ लागायला तासभर तरी जाईल." घरी पाहुणे जेवायचे होते. मी म्हटलं, "दळ रे, चिमूटभर गव्हानं काय होतंय!"

तुला सिलिअ‍ॅक आहे, गव्हाचा कणही सोसत नाही, हे माहीत असून म्हटलं.

मग ते लाडू खाऊन तू दोन दिवस सलाईनवर. आणि मी सगळ्यांसमोर सांगितलं, येताना दिघीच्या जेट्टीवर पोरीने वडापाव खाल्ला असणार. तू रडून नाही म्हणालीस. वहिनीने तुलाच फटकारलं, अजूनही ऐकवते म्हणे. मी गप्प राहिले. फार लाज वाटते गं.

लाडू पाठवत नाही. काहींना चोख ओट्सही सोसत नाहीत; आधी डॉक्टरांना विचार. मग यावंसं वाटलं तर ये, घरघंटी उघडून बघ, मला चार शब्द सुनाव.

त्याआधी हे पत्र वहिनीला मोठ्याने वाचून दाखव. एकही ओळ गाळू नकोस. तू वडापाव खाल्ला नव्हतास. तो गहू माझ्या हातचा होता.

तुला खोटं पाडणारी,
केसरआत्या