राक्षसाने केलेली वाटणी

रविवार, संध्याकाळ. चाळीसगाव, माहेरी.

एका व्हिडिओ गेमने माणूस एवढा हलतो?

टीव्हीवर सोंगट्यांचा डाव मांडला होता. मी, दादा आणि आमचे वडील, आबा. दादाकडे नऊ चांदण्या, आबांकडे चार, माझ्याकडे दोन. आबांची सोंगटी लाल घरात गेली. लाल घर म्हणजे शिक्षा. राक्षस आला, सगळ्यांच्या चांदण्या गोळा करून प्रत्येकाला पाच-पाच देऊन गेला.

मी हसले. दादा ताडकन उठला. "माझ्या चांदण्या हिला का?"

आबा म्हणाले, "हाऊ राक्षसच शे. बहीनले कसाले सारखा वाटा?"

थट्टा असेल म्हणून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती. त्यांची स्वतःची एक चांदणी वाढली होती, तरी! "हा डाव धरायचा नाही," म्हणत दादाने टीव्हीच बंद केला.

सारखं वाटणं ही शिक्षा? लाल घरातली?

उद्या वडिलोपार्जित शेताच्या हक्कसोडपत्रावर माझी सही. "मला काही नको," असं महिनाभर मीच सांगत होते.

वहिनीने स्वयंपाकघरातून विचारलं, "ताई, उद्या अकराला निघायचं ना?"

"बघू," मी म्हणाले.

आतलं लाटणं थांबलं.