कंप्यूटर कोणी केला, याबद्दलचं माझं मृत्युपत्र

मी, श्रीमती तुळसी गुरुराज राव, वय ७२ वर्षे, निवृत्त प्रयोगशाळा शिक्षिका, राहणार कुवेंपुनगर, म्हैसूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचा दबाव नाही. दबावाखाली वागायचं ते मी पूर्वीच वागून घेतलं.

१. माझ्या नावावरचं राहतं घर माझा एकुलता मुलगा प्रणेश यास मिळावं. मात्र कलम ४ मधली अट पुरी झाल्यावरच.

२. बँकेत जे असेल ते प्रणेश व सून सुप्रीता यांनी निम्मं निम्मं घ्यावं. त्यात भांडण्यासारखं काही नाही.

३. पुढच्या खोलीतला कंप्यूटर. १९८४ साली त्याचे सुटे भाग बेंगळूरहून बसनं आणले. सोल्डरिंग मी केलं. त्याचा असेंब्लर मी लिहिला. आपण अक्षरांत लिहिलेल्या आज्ञा यंत्राच्या आकड्यांत उतरवणारा प्रोग्राम, तो असेंब्लर. माझा असेंब्लर त्याच यंत्रात राहतो, दुसऱ्या मोठ्या कंप्यूटरपुढे हात पसरत नाही. तो लिहिताना असेंब्लर नव्हताच, म्हणून सगळे आकडे वहीत हातानं काढले. सात महिने लागले. आमचे हे, कै. गुरुराज, तेव्हा शेजारच्या खोलीत दासरपदं, म्हणजे कन्नड भजनं, ऐकत असत.

मग पेपरवाला आला. मी आत कॉफी करत होते. फोटो यांचा निघाला, खाली छापून आलं, बँकेतल्या कारकुनानं घरी कंप्यूटर बनवला. मी म्हटलं, "अहो, त्यांना कळवा ना." हे म्हणाले, "असू दे गं, घरातलंच नाव आहे." चाळीस वर्षं तेच चाललं. यांच्यावर माझं प्रेम होतं. माफ मात्र केलेलं नाही, आणि मेल्यावरही करणार नाही.

गेल्या वर्षी प्रणेशनं कंप्यूटर एका संग्रहालयाला द्यायचं परस्पर ठरवलं. काचेच्या पेटीत, बंद. पाटीही करून आणली: 'निर्माते गुरुराज राव'. विचारलं तर म्हणतो, "अम्मा, सुम्ने, उगाच वाद कशाला? सगळ्यांना तेच माहीत आहे. आणि हे सगळं लॅपटॉपवर एका सेकंदात होतं." होत असेल. पाटी मी कचऱ्याच्या गाडीत टाकली.

सदर कंप्यूटर, टेपरेकॉर्डर, सर्व कॅसेटी व माझ्या चार वह्या सुप्रीता हिला द्याव्यात. कारण लिहिते. सोळा केबी मेमरीत असेंब्लर, आपण लिहिलेलं आणि तयार होणारा प्रोग्राम, तिघांना दाटीवाटीनं राहावं लागतं. सुप्रीता माझ्याकडून हे शिकत असताना एकदा तिनं तयार प्रोग्राम मेमरीत कुठं ठेवायचा तो पत्ता चुकवला. प्रोग्राम थेट असेंब्लरवरच जाऊन बसला, आणि असेंब्लर स्वतःच्याच हातानं पुसला गेला. आपलं लिहिलेलं आधी कॅसेटवर उतरवून ठेवायचंही राहिलं होतं, तेही गेलं. "अत्ते, मी सगळं घालवलं," म्हणाली, रडवेली झाली. ही चूक इथं बसून काम करणाऱ्याच्याच हातून होते. मीही केली होती. तिनं असेंब्लरची कॅसेट पुन्हा लावली, सहा मिनिटं थांबली आणि आपलं सगळं परत टाइप केलं. प्रणेशच्या हातून ही चूक झाली नाही, कारण तो त्या खुर्चीत बसलाच नाही. हे बसले ते फोटोपुरते.

कंप्यूटर विकू नये, काचेत ठेवू नये. महिन्यातून एकदा तरी चालवावा. बिघडला तर सुप्रीतानंच उघडावा, तिला जमतं.

४. माझ्या वैकुंठसमाराधनेला, म्हणजे तेराव्याच्या जेवणाला, नातेवाईक जमले, की पानं वाढण्याआधी प्रणेशनं उभं राहून म्हणावं: "हा कंप्यूटर माझ्या आईनं केला. वडिलांनी नाही." एकदा मराठीत, एकदा कन्नडमध्ये. पुटपुटलेलं चालणार नाही. साक्षीदार विशालाक्षी यांना एका कानानं कमी ऐकू येतं. त्यांना शेवटच्या पानावर बसवावं, आणि त्यांना ऐकू आलं तरच अट पुरी झाली असं धरावं. न म्हटल्यास घरही सुप्रीताचं.

प्रणेश, रागावू नकोस. घर तुलाच मिळावं असं मला वाटतं. सातच शब्द आहेत. तुझ्या बाबांना ते जमले नाहीत. तुला जमतील.

आमच्यासमक्ष वाचून सही केली:
१) विशालाक्षी, निवृत्त सहशिक्षिका
२) विश्राम गोगटे, शेजारी

स्थळ: म्हैसूर
दिनांक: १४ जुलै २०२५

(सही) तुळसी गुरुराज राव
कंप्यूटर करणारी