नहराच्या पाळीवरची तीनचाकी

२८ सप्टेंबर २००३

रविवार. अंगणवाडी नाही. स्वयंपाक सकाळीच उरकला आणि तीनचाकी उघडायला बसले. हे खाटेवरून सांगत होते. 'तो नट उलटा फिरव.' 'असा नाई, तसा.' लग्नाला एवढी वर्षं झाली, पण इतकं सलग माझ्याशी कधी बोलले नाहीत.

पुढचे दोन्ही शॉकअप गेलेत. नळ्यांवर गंज, आतले बुश झिजून पातळ, स्प्रिंगा बसलेल्या. तेलाऐवजी काळा चिखल निघाला. म्हणूनच नहराच्या पाळीवर हँडल हातातून उडत होतं.

ही गाडी राईस मिलच्या शेठची. त्याच्या पोरानं हौसेनं परदेशातून आणलेली, रेतीत-चिखलात पळवायला. हौस फिटली, मग कितीतरी वर्षं पोत्यांखाली पडून. मागल्या वर्षी त्याच मिलच्या पट्ट्यात ह्यांचा उजवा पाय गेला, गुडघ्याखालून. तेव्हा शेठनं ट्रॉलीवर चढवून घरी पाठवली. पाय घेतला आणि तीन चाकं दिली. हे खूश झाले. मी नाही झाले.

पण कामाची आहे, हे कबूल. आमच्या बांध्या, धानाची वावरं, नहराच्या पलीकडे. रस्ता नाही, कालव्याच्या काठाच्या पाळीवरून जायचं. नकली पाय चिखलात रुतून तिथंच राहतो, एकदा मी तो दोन्ही हातांनी उपसून आणलाय. ही फुगीर चाकांची गाडी मात्र चिखलावरून निघून जाते. गियर डाव्या पायात, ब्रेक हातात. ह्यांना जमते.

वसंता भाऊजी डोकावून गेले. धाकटे दीर, भिंतीला भिंत लागून घर. "वयनी, कायले मेहनत करून राहिली? उन्हाळी धानासाठी बांध्या मले बटईनं द्या, अर्धा धान तुमचा. दादाले बसून खाऊ द्या." वाईट मनानं बोलत नाहीत. ह्यांनी तोंड फिरवलं. भाऊजी गेल्यावर म्हणाले, "ज्या दिवशी बटईले देईन, त्या दिवशी मी मेलो समज."

असं बोलू नये माणसानं. पण खोटं बोलत नाहीत, हे मला माहीत आहे.

१ ऑक्टोबर

गोंदिया. प्रकल्प कार्यालयात रिपोर्ट दिला, मग पिशवीतल्या नळ्या घेऊन लेथवाल्या राजूभाईकडे. बसमध्ये बाजूच्या बाईनं विचारलं, "का आहे पिशवीत?" म्हटलं, नवऱ्याचा पाय. ती सरकून बसली.

राजूभाईनं नळी उजेडात धरली. "भाभी, ऐसी गाडी तो मैंने देखीच नहीं." पितळेचे नवे बुश वळून दिले. सील मोटरसायकलचे बसतात म्हणाला. बसलेल्या स्प्रिंगांवर ठेवायला पाईपाचे दोन तुकडे कापून दिले. तेलाची बाटली दिली, दोनदा सांगितलं, "पतला तेलच डालना. गाढा मत डालना."

हो म्हटलं.

४ ऑक्टोबर

जोडून झाली. नळ्या पॉलिश पेपरनं घासल्या, बोटं सोलली. हँडल दाबलं की खाली जातं, हळूच वर येतं. ह्यांनी मला पाच-सहा वेळा दाबायला लावलं. नुसतं बघायला.

५ ऑक्टोबर

सकाळी बघते तर दोन्ही चाकांच्या, नाही, एकाच चाकाच्या दोन्ही बाजूंना तेलाचं थारोळं. सील तिरपे बसले होते. घाई. सगळं तेल मातीनं पिलं.

सील काढून परत नीट बसवले. पण तेल? आज दसरा, दुकानं बंद. गावातले अर्धे लोक काल ट्रकनं नागपूरला दीक्षाभूमीवर गेले, कोणाला आणायला सांगावं असंही कोणी नाही. उद्या-परवा जाऊन आणते म्हटलं. ह्यांना धीर नाही. पलीकडे हलका, लवकर येणारा धान पिकून आलाय, आणि नागझिऱ्याकडून डुकरं उतरायला लागलीत.

"टोरीचं टाक."

घरात मोहाच्या टोरीचं, बियांचं, तेल होतं, घाण्यावरून काढून आणलेलं. दिव्याला, अंगाला, सगळ्याला तेच. "बाप खासराच्या कण्याले तेच देत होता. दोन खंड्या धान भरून खासर जाये, कुरकुर नाई करे." म्हटलं, ही काही बैलगाडी नाही. म्हणाले, "चाक तं चाकच हाय."

फडक्यातून गाळून, नरसाळ्यानं ओतलं. दिव्याच्या वातीसारखा वास सुटला अंगणभर. हँडल दाबलं. कालच्यापेक्षा मऊ. मीसुद्धा मान हलवली.

९ ऑक्टोबर

गेले. एकटे.

म्हणजे मी मागून पायी होतेच, पण दिसणार नाही इतक्या अंतरावर. दुपारचं ऊन. पाळीवर जिथं पाईप आडवा गेलाय आणि माती खचलीय, तिथं श्वास धरून उभी राहिले. पुढचं चाक खाली गेलं, वर आलं, पुढं निघालं. हँडल हललं नाही.

बांधीत गाडीवर बसूनच हात लांब केला आणि लोंब्या मुठीत घेतल्या. बराच वेळ सोडल्या नाहीत. मी तिथूनच परतले. रडू आलं मला, चांगलं रडू. अंगणवाडीतल्या मदतनीस बाईनं विचारलं, काऊन ताई, डोळ्यात का गेलं? म्हटलं, कोंडा.

२६ ऑक्टो.

काल दिवाळी. आमच्याकडे तसं काही नसतं, पण लेक अस्मिता सासरहून, कामठ्याहून, आली होती. बाबाच्या मागं बसून बांधी बघून आली. हिच्या वयात मी कोणाच्या मागं असं बसले नव्हते. धान कापणं चालू. हे दुपारी जेवण झाल्यावर जातात, दिवस बुडायच्या आत येतात. बाया म्हणतात, मालक गाडीवरून उतरत नाही पण एक पेंढी सुटू देत नाही.

२१ नोव्हें.

चुरणं झालं, मळणी आटोपली. धान घरात. तीनचाकीला आता काम नाही, गोठ्यात झाकून ठेवली. भाऊजी परत बोलले बटईचं. ह्यांनी हसून उडवलं. किती दिवसांनी हसून.

६ डिसें.

विहारात मेणबत्त्या लावल्या. हे काठी घेऊन चालत आले, नकली पाय लावून, सगळ्यांच्या आधी. थंडी पडायला लागली. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी सुटणार म्हणतात उन्हाळी धानासाठी.

२१ डिसें.

लिहवत नाही. तरी लिहिते.

काल संध्याकाळी दवंडी, पहाटे नहराला पाणी येणार. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकायच्या बांधीकडे पाणी वळवायचं तर आधी पोचावं लागतं, नाहीतर खालचे लोक घेऊन जातात. हे उजाडता उजाडता निघाले. धुकं. मी चूल पेटवत होते. "येतोच चहाले," म्हणाले.

खचलेल्या जागी, त्या पाईपावर, गाडी उसळली. हँडल सुटलं. हे नहरात. पाणी कमरेएवढंच, पण उभं राहायला दुसरा पाय कुठं आहे. काठाचं गवत धरून राहिले होते. भाऊजी त्यांच्या पाण्यासाठी मागून येत होते म्हणून. नाहीतर.

कपाळाला टाके. तुटका पाय सुजलाय, त्यावर नकली पाय चढत नाही. अंग थरथरत होतं, ओठ निळे.

२२ डिसें.

दुपारी भाऊजींनी गाडी ढकलत आणली. अंगणात उभी करून हँडल दाबून बघितलं, एकदा, दोनदा, माझ्यासमोर. मऊ जातं, वर येतं. नळी सरळ, चाक सरळ. भाऊजी आतल्या खाटेकडे न बघता म्हणाले, "गाडीत काई खराबी नाई, वयनी."

हे आतून बोलले, "गाडीले काऊन तपासून राहिला? पायच नाई मले. तोल गेला."

भाऊजींनी गाडी गोठ्यात ढकलली.

२४ डिसें.

सकाळी स्वतःच म्हणाले, "वसंताले सांग, बांध्या घे म्हणा. पऱ्हे टाकायच्या आधी ठरवून टाकू."

असं म्हणाले जसं मीठ दे म्हणावं. मला सप्टेंबरातलं ते 'मेलो समज' आठवलं. आठवण करून दिली नाही. खरं सांगायचं तर पोटात कुठंतरी बरं वाटलं. आता रोज पाळीकडे कान लावून बसायला नको. गाडीची चाबी काढून पदराला बांधली.

बरं वाटलं, आणि त्याच दिवशी हे जेवले नाहीत.

२७ डिसें.

शनिवार. कडाक्याची थंडी. ह्यांच्या टाचेला भेगा पडल्यात, एकच टाच, तिच्यावरच सगळा भार. टोरीचं तेल लावायला बाटली घेतली. दरवर्षीसारखी गोठलेली, पांढरी, तुपासारखी. दरवर्षीसारखी चुलीजवळ धरली पातळ व्हायला.

आणि हात तिथंच राहिला.

तेल लावलं टाचेला. गोठ्यात जाऊन हँडल दाबलं. हललं नाही. सगळा भार टाकला, खांबाला रेटावं तसं. हँडलला खाली जायला जागाच नाही.

दुपारी ऊन तापल्यावर परत गेले. मऊ. खाली जातं, वर येतं.

लहानपणापासून थंडीत हे तेल गोठलेलं बघतो आम्ही. दिव्यात गोठतं, बाटलीत गोठतं. माय थंडीत बाटली उन्हात ठेवायची. नळीतही गोठेल, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. ऑक्टोबरात गरम होतं, मग काय. पुढं हे रोज दुपारीच जायचे. पहाटे गेले ते फक्त त्या दिवशी.

तोल गेला नव्हता ह्यांचा.

२९ डिसें.

सांगितलं नाही अजून.

सांगितलं तर परत निघतील. तो पाईप आहे, ती खचलेली पाळ आहे, नहराला आता रोज पाणी आहे. भाऊजी रोज मागून येणार नाहीत. नाही सांगितलं तर घरात राहतील, जिवंत राहतील. भिंतीकडे तोंड करून. आज विचारलं, अंगणवाडीतली पोरं खिचडी खातात का. हे माणूस पोरांच्या खिचडीबद्दल कधी विचारत नव्हतं. वेळ जात नाही.

भाऊजी म्हणाले, शनिवारी बसू, बोलून पक्कं करू. त्यांनाही आनंद नाही. "दादा हो म्हणते तं मलेच कसंतरी होऊन राहिलं, वयनी."

मी बाई स्वार्थी आहे का? दोन्हीकडून स्वार्थीच दिसते.

३१ डिसें.

गोंदियात महिन्याची मीटिंग. येताना पाय आपोआप लेथच्या दुकानाकडे वळले. राजूभाईला विचारलं, टोरीचं तेल टाकलं तर? त्याला आधी कळलंच नाही. मग म्हणाला, "महुए का? अरे भाभी, वो तो जम जाता है." मग माझ्याकडे बघितलं. पातळ तेलाची बाटली दिली.

घरी आणून तांदळाच्या कोठीत ठेवली. तांदूळ काढताना रोज हाताला लागणार, हे ठेवताना लक्षात आलं नाही.

३ जानेवारी २००४

आज शनिवार. संध्याकाळी भाऊजी येणार म्हणून हे सकाळी लवकरच उठून बसले. दाढी केली. माणूस कुठं बाहेर निघाल्यासारखी. ते बघवलं नाही मला.

ऊन यायच्या आधीच म्हटलं, "चला जरा गोठ्यात."

"कायले?"

"चला तं."

कुबड्या घेऊन आले. म्हटलं, हँडल दाबा. आधी माझ्याकडे बघितलं, मग एका हातानं दाबलं. मग कुबडी टाकून दोन्ही हातांनी. मग छाती टेकवून. हललं नाही.

"जाम झाला? काऊन?"

मी टोरीच्या तेलाची बाटली हातात दिली. त्यांनी उलटी केली. थेंब पडला नाही. तशीच उलटी धरून किती वेळ बघत होते.

"दुपारी मऊ होते," म्हटलं. "भाऊजीनं दुपारी बघितलं होतं."

गोठ्यातल्या बाजेवर बसले. बाटली सोडली नाही. "म्हंजे मी नाई पाडली," म्हणाले. "माह्या पायानं नाई पडली." मग रडले. पाय गेला तेव्हा दवाखान्यात रडले नव्हते. मी बाजूला बसून राहिले, पाठीवर हात ठेवला, काढला नाही.

नंतर विचारलं, "तुले कधीपासून मालूम हाय?"

"मागल्या शनिवारपासून."

रागावले असते तर बरं झालं असतं. पाना मागितला. मी कोठीतली नवी बाटली आणून समोर ठेवली, तिच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघितलं. दोघांनी मिळून नळ्या खोलल्या. पांढरा गोळा काडीनं उकरून काढावा लागला. रॉकेलनं धुतल्या, उन्हात वाळवल्या, सील सरळ बसवले, मी दोनदा तपासले. नवीन तेल टाकलं. ह्या वेळी सगळं बोलणं हातांचंच झालं.

संध्याकाळी भाऊजी आले. गोठ्यात जमिनीवर सांडलेलं ते पांढरं बघितलं, वास घेतला, आणि तिथंच उकिडवे बसले. "मीच तपासली होती," एवढंच म्हणाले. चहा घेतला. बटईचं कोणी काढलं नाही. निघताना दाराशी थांबले, "दादा, मग पऱ्ह्याचं का करतेस?"

हे म्हणाले, "उद्या सकाळी सांगतो."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी भांडी उचलली.

उद्या पहाटे नहराच्या पाण्याची आमची बारी आहे. हे आजच नकली पाय चढवून बघून राहिलेत, सूज उतरली का म्हणून. गाडीच्या चाबीबद्दल अजून विचारलं नाही. पदराला आहे, त्यांना दिसते. स्वयंपाक करताना चुलीच्या कडेला टणकन लागली, तेव्हा दोघांनीही तिकडं बघितलं.