संभा दगडू, इयत्ता पहिली

९ जुलै
समितीचं पत्र आलं. प्रज्ञाच्या जात पडताळणीच्या फाइलला त्रुटी काढली आहे. शाळेच्या नोंदीत तिच्या आजोबांचा, म्हणजे माझ्या बाबांचा, जन्म फसली १३४४. आपल्या हिशेबानं १९३४-३५. बाबांच्या सेवापुस्तकात १९४६. एकाच माणसाच्या जन्मात अकरा वर्षांचा फरक कसा, खुलासा करावा. सुनावणी ६ ऑगस्ट.
लातूरला नर्सिंगला तात्पुरता प्रवेश मिळालाय. वैधता प्रमाणपत्र १४ ऑगस्टपर्यंत दिलं नाही तर जागा गेली. प्र. ने हे दोनदा सांगितलं.
फाइल मीच केली होती. तेवीस वर्षं हायस्कूलात क्लार्क, गावच्या पोरांच्या दाखल्यांत चूक होऊ दिली नाही, आणि स्वतःच्या घरात ही. लाज वाटायला हवी होती. काही वाटलं नाही. मंगल "बरं" म्हणाली आणि भाकरी उलटली. आमच्या पोराला, सुजितला, जाऊन चौदा महिने होतील. आमच्या घरात आता सगळ्याला उत्तर "बरं".

११ जुलै
रजा टाकून गावी. येडशीला उतरून पुढं रिक्षा. शाळेचं रजिस्टर निजामाच्या वेळचं, सगळं उर्दूत. पूर्वी कोणीतरी नावांच्या शेजारी पेन्सिलीनं मराठी लिहून ठेवलंय, मुख्याध्यापक त्यावरूनच उतारे देतात. मलाही तसाच दिला होता. नाव, बापाचं नाव, जात, जन्म. उरलेल्या रकान्यांत काय आहे हे त्यांना माहीत नाही, आणि मीही विचारलं नव्हतं. दुसऱ्याचा असता तर विचारलं असतं.
पानाचा फोटो काढून आणला. रजिस्टर नीट ठेवलंय, वाळवी नाही. अक्षर चांगलं आहे कारकुनाचं.

१३ जुलै
शेख गुरुजींकडं. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, अख्ख्या कळंबचे जुने उर्दू कागद तेच वाचून देतात. मोबाइल डोळ्यांशी नेऊन वाचायला लागले. नाव संभा, वालिद दगडू, दाखल १३५१, जमात पहिली. मग थांबले.
"कैफियतच्या, म्हंजे शेऱ्याच्या रकान्यात काय हाय, बघितलं न्हाय का तुमी?"
म्हटलं, नाही.
"फौत. १३५३."
हा शब्द मला कोणी शिकवायला नको. तलाठ्याकडं फौतीची नोंद आपल्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक असते. फौत म्हणजे वारला.
गुरुजी म्हणाले, "तुमचे वालिद तर माझ्यासंगं चहा प्यालेत. मी चाळीशीचा असंन तवा."
तरीही परत वाचून बघितलं. फौतच.
बाबा जाऊन पंधरा वर्षं झाली. शाळेच्या हिशेबानं ते नऊ वर्षांचे असताना वारले. प्र. ची अख्खी फाइल त्या एका नोंदीवर उभी आहे.

१४ जुलै
मंगलच्या भावाचा फोन. त्याला तिनं सांगितलं असणार. "उताऱ्यात न्हाय ना ते, दाजी? मग गप बसायचं." त्याला कळत नाही की दक्षता पथक मूळ रजिस्टर उघडतं. आणि मी शपथपत्रावर सही केली आहे. शपथ म्हणजे काय ते त्याच्या लेखी काही नाही, माझ्या लेखी अजून थोडं आहे.
सरळ गोष्ट अशी असेल: हा संभा आमचा नाहीच. आमच्या वस्तीत दगडू दोन होते, हे बाबा सांगायचे. एक आमचा आजा, दगडू रामा. दुसरा दगडू भिवा, खालच्या अंगाला राहायचा, त्याचा आमचा संबंध नाही. पोरं जगत नसली की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू ठेवायचे, म्हणून प्रत्येक आळीत एक दगडू. रजिस्टरात बापाचं नुसतं नाव. संभा त्या दुसऱ्या दगडूचा असेल तर आपल्याकडं समितीला लागणारा १९५० च्या आधीचा पुरावाच नाही. संपलं.
प्र. ला सांगितलं नाही. ती लातूरच्या हॉस्टेलला न्यायच्या सामानाची यादी करत होती.

१६ जुलै
शेख गुरुजींकडं परत. म्हटलं, पोराला शाळेत आणून घालणाऱ्याचं नाव कुठं लिहायचे का? मी रोज तेच लिहितो, पालक. सुचायला तीन दिवस लागले.
"हाय की. सरपरस्त." बोट फिरवत गेले. "रामा. नातं, दादा. बापाचा बाप."
दगडू रामा. आमचाच दगडू. म्हणजे पोरगं आमच्याच घरातलं. आज्यानं हात धरून शाळेत आणलेलं.
मग ते मेलं, आणि तीन वर्षांनी बाबा जन्मले. दोघंही संभा दगडू.
गुरुजींनी चहा दिला. साखर जास्त होती. कागदावर गणित मांडून बघितलं, जुळतं. मजा अशी की आता पुरावा उलट पक्का होतो. हे पोरगं माझा चुलता. चुलत्याची नोंद समितीला चालते, रक्ताचं नातं. फक्त वंशावळीत संभा दोन आहेत असं दाखवायचं आणि ते सांगणारं कोणी जिवंत माणूस पाहिजे.
आहे एक. भागीरथीआत्या.

२० जुलै
आत्याकडं गावी. सत्त्याऐंशी वय, ऐकायला येतं, गुडघे गेलेत. बाबांची सख्खी मोठी बहीण. विचारलं, आत्या, बाबांच्या आधी कोणी होतं का?
"कोन?"
संभाच, म्हटलं. आधीचा.
निवडायला घेतलेल्या तांदळात बोटं फिरवली.
"आधीचा असं म्हनायचं न्हाय. आईनं आमाला सांगितलं हुतं. संभा गेला आन् संभा आला. एकच हाय त्यो."
पटकीची साथ आली होती. दोन दिवसांत गेला. न्यायच्या आधी आईनं त्याच्या कानामागं काजळाचं बोट लावलं, परत आला की ओळखू यावा म्हणून. बाबा जन्मले तेव्हा कानामागं डाग होता. सुईणीनं डाग दाखवल्यावर आई उठून बसली म्हणे. तेच नाव ठेवलं. त्याचाच सदरा घातला, मोठा झाल्यावर.
तो डाग मी बघितलाय. बाबांना शेवटची अंघोळ घालताना माझाच हात होता तिथं. मी जन्मखूण समजत होतो. दीक्षा घेतल्यावर बाबांनी देव्हारा उचलून ठेवला, नवस-सायास सोडले, कोणी अंगारा दिला तर चिडायचे. त्यांना हे माहीत होतं का?
"न्हाय सांगितलं. त्येचं त्येलाच काय सांगायचं?"
मग कामाचं बोललो. दोन संभा होते असं शपथपत्र, खाली अंगठा, प्र. चं शिक्षण. सगळं ऐकून घेतलं.
"न्हाय बाबा. दोन म्हनलं की एक मेल्यावानी हुतंय."
जेवायला वाढलं. जेवलो. आलो.

२४ जुलै
प्र. ने नवीन वंशावळ कॉम्प्युटरवर काढली. वर रामा, खाली दगडू, दगडूच्या खाली संभा, भागीरथी, संभा. पहिल्या संभापुढं मयत, अविवाहित. नऊ वर्षांच्या पोरापुढं अविवाहित. फॉर्मची भाषा आहे ती, मीच सांगितलं तसं लिहायला.
माझ्या खाली एकच रेघ, प्रज्ञा.
"पप्पा, दादा?"
म्हटलं, हयात असलेल्यांचीच लिहितात.
ती स्क्रीनकडं बघत होती. पहिल्या संभाकडं. मी तेवीस वर्षं हेच काम करतो, वंशावळीत मयत वगळत नाहीत. तिलाही ते कळलं. खोटं बोललो आणि चहा मागितला.

२८ जुलै
मंगल म्हणाली, मी येते आत्यांकडं. चौदा महिन्यांत ती बाजार आणि विहार सोडून कुठं गेली नव्हती. हिरवी साडी नेसली.
ती आत गेली, मी ओट्यावर बसलो. समोर कुणाचं तरी सोयाबीन फवारत होते, वास येत होता. अर्धा तास झाला असेल.
मग आत्या स्वतः भिंतीला धरून बाहेर आल्या. "कुठं लावायचा अंगठा?"
शाई माझ्या पिशवीत होती. अंगठा पुसायला मंगलनं पदर पुढं केला.
बसमध्ये विचारलं, काय म्हणालीस? खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "म्हटलं, माझं परत यायचं न्हाय. तुमचंबी आलं नव्हतं. दुसरं आलं हुतं. त्याला दुसऱ्याचा सदरा घातला तुमी."
पुढं म्हणाली, "लई रडल्या. मी न्हाय रडले."

३० जुलै
वंशावळ परत छापली. माझ्या खाली दोन रेघा. सुजित, मयत, अविवाहित. प्रज्ञा, अर्जदार.
मीच टाईप केलं. प्र. ला बाहेर पाठवलं होतं, झेरॉक्सला. 'मयत' हा शब्द हजारदा टाईप केला असेल नोकरीत. आज त्यातला 'य' सापडेना. कीबोर्डकडं बघत बसलो. मग सापडला.

६ ऑगस्ट
धाराशिव. सुनावणी. तिघंही गेलो, प्र. आणि मं. बाहेर बाकड्यावर. बाई होत्या समोर, शांत. शपथपत्र वाचलं, गुरुजींनी सहीनिशी दिलेलं वाचन बघितलं.
"संभा दगडू, पहिले, तुमचे चुलते. संभा दगडू, दुसरे, तुमचे वडील. आधी एकच दाखवले होते."
म्हटलं, मला माहीत नव्हतं.
"घरात कुणीच सांगितलं नाही?"
नाही.
खुणा करत पेन खाली आलं. "सुजित. तुमचा मुलगा. मोठा आहे. त्याची वैधता आधी काढली नाही? भावाची असती तर हिला त्रास नव्हता."
पुढं 'मयत' लिहिलं होतं, त्यांच्या बोटाखाली झाकलं गेलं होतं. म्हटलं, तो गेला. आवाज निघाला नसावा. शेजारी टाइप करणारा म्हणाला, "साहेब, मोठ्यानं."
मोठ्यानं म्हटलं. माझा मुलगा सुजित गेला. गाडीवरून पडला. एकोणीस वर्षांचा होता.
चौदा महिन्यांत हे वाक्य मी कोणापुढं म्हटलं नव्हतं. लोकच म्हणत आले, मी मान हलवत आलो.
बाईंनी बोट उचललं. "ठीक आहे" म्हणाल्या, मग "सॉरी" म्हणाल्या. मूळ रजिस्टर पथक बघेल, निर्णय कळवू. किती दिवसांत ते सांगितलं नाही.
परतताना मं. म्हणाली, "बाहेर ऐकू आलं." येडशी येईपर्यंत माझा हात धरून बसली होती. आपल्याकडं असं कोणी बसमध्ये बसत नाही. बसू दिलं.

९ ऑगस्ट
पोर्टलवर प्रलंबित. मुख्याध्यापकांचा फोन, पथक अजून शाळेत आलेलं नाही.

११ ऑगस्ट
प्रलंबित. आज रविवार, काही होणार नव्हतंच. तरी प्र. दर तासाला मोबाइल बघते. तीन दिवस राहिले. तिची पत्र्याची पेटी दाराजवळ भरून ठेवली आहे, वर चादर.
दुपारी ती पेटीवर बसून केस विंचरत होती आणि मला एकदम भीती वाटली. जागा जाईल, ही पोरगी पेटी उघडून सगळं परत कपाटात लावेल, आणि तीही "बरं" म्हणेल. हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मं. ने विचारलं, काय होतंय?
म्हटलं, भीती वाटते.
ती जवळ येऊन बसली. म्हणाली, मलाबी.