मुलं सांभाळणारे मासे

गोत्री, बडोदे
ता. २० डिसेंबर १९९८

तीर्थस्वरूप दुर्गाआक्कांच्या पायांवर धाकट्या भास्करचं डोकं.

इकडची खुशाली कळवण्याची ओळ कोरी सोडली आहे. पत्र वाचून झाल्यावर तुम्हाला योग्य वाटेल ते तिथे भरावं. इंदूरला यंदा थंडी फार असल्याचं पेपरात वाचलं, तेव्हा तुमचे गुडघे आठवले. दाजींचा खोकला कसा आहे? (त्यांनी पहाटेचं फिरणं थांबवलं असेल तर उत्तम, नसेल थांबवलं तर सांगून उपयोग नाही हे मला ठाऊक आहे.) मोहनाला परवा नववा लागला. डॉक्टरीणबाई म्हणतात सगळं ठीक आहे, जानेवारीच्या मध्यावर धरून चाला. जावई आनंद जामनगरला नवीन रिफायनरीच्या बांधकामावर अडकलेत, महिन्यातून दोन दिवस येतात. माझ्या तब्येतीची चौकशी कोणी करत नाही, म्हणून तीही लिहीत नाही.

मागच्या पत्रात मी तुम्हाला लिहिलं होतं की आपण एवढ्या लांबून येण्याची तसदी घेऊ नये, मोहनाची आई नसली तरी बाप खंबीर आहे, आणि छत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात कालवे सांभाळलेल्या माणसाला एका बाळंतपणाचं काय. त्या वाक्याबद्दल या पत्रात काही लिहायचं नाही असं ठरवून बसलो आहे. हे पत्र माशांबद्दल आहे.

त्याचं असं झालं. दिवाळी उरकून मोहनाला माहेरी आणली आणि पहिल्याच आठवड्यात अलकापुरीच्या डॉक्टरीणबाईंकडे तिला घेऊन गेलो. जाताना एकेचाळीस प्रश्नांची यादी बरोबर नेली होती. सतराव्या प्रश्नाला बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, काका, तिचं मन प्रसन्न राहील असं काहीतरी तिच्या डोळ्यांसमोर असू द्या. (त्यांचा रोख मी डोळ्यांसमोरून हलावं असा होता, हे आता लक्षात येतं. तेव्हा मी यादीच्या खाली 'प्रसन्न वस्तू' असं लिहून घेतलं.) आमच्या सोसायटीत केबल आल्यापासून दर दोन घरांत एक काचेची पेटी आणि तिच्यात मासे आहेत. तेव्हा मीही फतेगंजला किरीटभाईच्या दुकानातून दोन फुटी फिशटँक, पंप, रेती आणि आठ गप्पी घेऊन आलो. गप्पी म्हणजे करंगळीच्या पेराएवढा मासा, शेपटीला रंग. त्यातल्या एकीचं पोट चांगलंच वाढलेलं होतं. किरीटभाई म्हणाला, काका, ही लौकरच बच्चां देईल, शुभ आहे. मला ते फार पटलं. घरात दोघींचे दिवस भरताहेत, एकीला एक सोबत.

नवव्या दिवशी सकाळी मोहना पोह्यांची बशी घेऊन टँकसमोर बसली असताना त्या गप्पीने पिल्लं घातली. मी धावत जाऊन वही आणली. अठरापर्यंत मोजली. मग चष्मा पुसायला घेतला, परत लावला, तर सात. आईने उलट फिरून, काही विशेष न झाल्यासारखं, एकेक करून गिळायला सुरुवात केली होती. मला वाटलं मोजण्यात चूक असेल. पण मोहनाने पोहे खाली ठेवले, तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि ती खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. आक्का, आठव्या महिन्यातल्या बिनआईच्या पोरीला तिच्या बापाने प्रसन्न वस्तू म्हणून काय आणून दाखवलं, याचा विचार करा. मी उभ्या उभ्या पायांत चपला सरकवल्या आणि फतेगंज गाठलं.

किरीटभाईला सांगितलं की मला रंग नको, शेपटी नको. जो मासा आपली मुलं सांभाळतो तो दे. जावई शोधताना केली नसेल एवढी चौकशी मी त्या दुकानात केली. मासा कोणत्या वळणाचा, पहिली मुलं खाल्ली आहेत का, रागीट आहे का. त्याने एका बाटलीतला निळा फायटर पुढे केला आणि म्हणाला, "बाप होय तो आवो." म्हणजे बाप असावा तर असा. आणि खरंच, हा बाप तोंडाने बुडबुडे सोडून पाण्यावर फेसाचं घरटं बांधतो, अंडी त्यात नेऊन ठेवतो, खाली पडलं की उचलून परत लावतो, खाणंपिणं विसरतो. मी त्याला मादीसह घरी आणलं आणि मोहनाला खुर्ची देऊन समोर बसवलं. घरटं बांधून झालं, अंडी झाली, आणि मग त्या आदर्श बापाने आईला धरून असं बदडलं की तिचे कल्ले फाटले. तिला मी चहाच्या गाळणीने बाहेर काढून स्टीलच्या पातेल्यात ठेवली. मोहनाने पातेल्यात डोकावून बघितलं. मग म्हणाली, "आनंद जामनगरलाच बरे आहेत." मी फायटरला परत बाटलीत भरलं, मादीला पातेल्यासकट उचललं. परत चपला.

तिसऱ्या खेपेला किरीटभाईने दुकानाच्या मागच्या बाजूचा टँक दाखवला. बोटभर लांबीची जोडी, अंगावर काळेपांढरे पट्टे, म्हणून दुकानात यांना झेब्रा म्हणतात. (पुस्तकात यांचं नाव 'कैदी' असं आहे, हेही तो बोलला. माणसाने तेव्हाच सावध व्हायला हवं.) यांच्यात आईबाप दोघंही राखण करतात, एक जेवायला गेलं की दुसरं थांबतं. एवढं ऐकून मी लगेच पैसे काढले. मातीची छोटी कुंडी आडवी ठेवायला सांगितली, तीही घेतली. चार दिवसांत जोडीने ती कुंडी ताब्यात घेतली, तिच्या तोंडाशी रेतीत खड्डा खणला आणि उरलेल्या गप्पींना एकेक करून ठार मारलं. घरात येणाऱ्या बाळाच्या स्वागतासाठी आणलेल्या टँकमध्ये मी रोज सकाळी सुतक पाळत होतो. पण कुंडीत अंडी दिसली तेव्हा मी त्यांचे सगळे खून माफ केले. मुलांसाठीच करत होते बिचारे.

त्यानंतर मी चुकलो. टँकसमोर स्टूल टाकलं आणि उठलोच नाही. कालव्यावर असताना जशी दर तासाला पाण्याची पातळी लिहीत असे तशी अंड्यांची नोंद ठेवली. त्याच दिवसांत मालिशवाली जिजाबाई काम सोडून गेली. तिचं म्हणणं, साहेब दाराबाहेर घड्याळ घेऊन उभे राहतात आणि किती मिनिटं कोणत्या पायाला लागली ते विचारतात. तिसऱ्या दिवशी अंडी फुटली. खड्ड्यात पिल्लं वळवळत होती, मोहरीहून बारीक. मोहना आंघोळीला गेली होती. मी काचेला नाक लावून बसलो होतो, आणि माझ्या डोळ्यांदेखत बाप आला आणि त्याने एक पिल्लू तोंडात घेतलं. आवाज कसला असं मोहनाने नंतर विचारलं, तेव्हा टिचकी मारली म्हणालो. तुम्हाला खरं सांगतो, मी छत्रीच्या मुठीने काच ठोकली. तेवढ्यात त्याने ते पिल्लू हळूच बाकीच्या भावंडांत थुंकलं. भरकटलेलं होतं ते, तो त्याला घरी आणत होता. हे मला समजलं खरं, पण काच ठोकून झाली होती. दोघं पिसाटासारखी टँकभर फिरली, दोनदा काचेवर आपटली, आणि मग खड्ड्याशी परत येऊन, शेजारी शेजारी उभी राहून, आपली सगळी मुलं खाऊन गेली. पाच मिनिटंही लागली नाहीत. मी छत्री हातात धरून बघत होतो.

मोहना केस पुसत बाहेर आली आणि पिल्लं कशी आहेत विचारलं. मी टँकवर टॉवेल टाकला होता. म्हटलं, झोपली आहेत. आक्का, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी पोटच्या पोरीशी माशांवरून खोटं बोललो.

किरीटभाईकडे गेलो तो मासे टँकसकट परत घे असं सांगायलाच. त्याने चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं, छत्रीचंही. आणि मग त्याच्या गुजराती-मराठीत जे बोलला ते जसंच्या तसं लिहितो.

"काका, ते वाईट नाय. कोणी मोठं सारखं काचेशी येऊन बसलं ना, की त्यांना वाटतं आता आपली बच्चां कोणी नेणार. मग दुसऱ्याच्या पोटात जाण्यापेक्षा आपल्या पोटात बरी. ते पंधरा दिवसांत पाछां अंडां देतील. तमे जोया ना करो, एटलुं बस."

मी बघू नये, एवढंच. घरी येऊन टँकच्या तिन्ही काचांना वर्तमानपत्र चिकटवलं आणि स्टूल गच्चीत नेऊन ठेवलं. त्याने सांगितलं तसंच झालं. आज साठेक पिल्लं आहेत, सगळी पोहतात, ढगासारखी एकत्र फिरतात, आणि आईबाप दोन बाजूंनी त्यांच्याबरोबर चालतात. त्यांची खबर मोहना मला देते; मी स्वतः चौथ्या काचेतून दिवसातून एकदाच बघतो, तेही दाराआडून.

तुम्हाला वाटेल, मग आता रडगाणं कशाचं? सांगतो. टँकपाशी जायचं नाही म्हटल्यावर हातात वेळ राहिला आणि विचार करायला लागलो. त्या माशांना कोणी शिकवलं नाही, डॉक्टरीणबाई नाही, यादी नाही, आणि तरी कधी काय करायचं ते त्यांना कळतं. मला काहीच कळत नाही. बाळाला पहिली आंघोळ कोण घालतं? शेक किती दिवस द्यायचा? डोकं कोणत्या हाताने धरायचं? आठवायला गेलो तर आठवण्यासारखं काही नाहीच. मोहना जन्मली तेव्हा मी पंचमहालात कालव्याच्या कामावर होतो. तार आली, साहेबांनी रजा दिली नाही, आणि खरं सांगायचं तर मी दुसऱ्यांदा मागितलीही नाही. तेव्हा तुम्ही होतात. तिला पहिल्यांदा हातात घेतलं ते तुम्ही. मी चाळिसाव्या दिवशी आलो, तोवर ती माझ्याकडे बघून हसेल एवढी मोठी झाली होती, आणि मला वाटलं मुलं अशीच येतात. तिची आई सहा वर्षांपूर्वी गेली. तिला काही विचारायचं राहिलं आहे हे मला या महिन्यात समजलं. परवा मी दुकानातून बाळंतपणाचं पुस्तक आणलं. 'काही अडचणी' हे प्रकरण उघडलं आणि मिटून कपाटाच्या वर टाकलं. घर झाडतो, पाणी उकळतो, रिक्षावाल्याला पाच वेळा पत्ता समजावून सांगून झाला. रोज सकाळी उठून वाटतं, आज झालं तर?

असो. माशांबद्दल पत्र लिहायला बसलो होतो, वाहवत गेलो. दाजींना नमस्कार. वडीलधाऱ्यांसमोर याहून जास्त रडणं बरं दिसत नाही, म्हणून लेखणी खाली ठेवतो.

तुमचा
भास्कर

ता. क. मागच्या पत्रातलं ते वाक्य दाजींना वाचून दाखवलं असल्यास हेही दाखवावं: आक्का, तुम्ही या. फार नाही, चार दिवस. म्हणजे जानेवारी, फेब्रुवारी आणि जमल्यास होळीपर्यंत. आधी नको म्हणालो तो माझा ताठा होता. स्टेशनवर मी स्वतः येईन.

ता. क. दुसरा. हे मी माझ्यासाठी म्हणत नाही. मी समर्थ आहे. मोहना घाबरली आहे, त्या गप्पीच्या दिवसापासून. तोंडाने बोलत नाही, पण बापाला कळतं.

आत्या, मोहनाचा नमस्कार. बाबांनी पाकीट डकवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. त्या दिवशी मी रडले ते आनंदचा तीन दिवस फोन आला नव्हता म्हणून. मासे मला आवडत नाहीत, त्यांना वास येतो. पण बाबा चपला घालून फतेगंजला गेले आणि दिवाळीनंतर पहिल्यांदा मला सलग दोन तास झोप लागली, नाहीतर दर पंधरा मिनिटांनी दार ढकलून 'काही होतंय का' विचारायचे. म्हणून मग प्रत्येक माशात मी काहीतरी खोट काढत गेले. टॉवेलखाली काय झालंय तेही मला दिसलं होतं. मी घाबरलेली नाही, आत्या. पण तुम्ही लौकर या. मला आत नेतील तेव्हा बाहेरच्या बाकावर त्यांच्याजवळ कोणीतरी बसलेलं हवं.