ताटलीच्या तळाचं फूल

४ मार्च, मंगळवार

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. ठमी पोट धरून रडत होती. गरम पाण्याची पिशवी ठेवली, खांद्यावर टाकून येरझाऱ्या घातल्या. उजाडता उजाडता झोपली, पण मी तशीच बसून. तिचे बाबा माल घेऊन बाहेरगावी गेलेत, शनिवारी संध्याकाळी येतील. बोलू कुणाशी? म्हणून इथे लिहिते. मला भीती वाटते.

गेले काही दिवस असंच चाललंय. कुंथते पण होत नाही. तोंड पांढरंफटक. आधी "आई, पाणी दे" एवढं म्हणायची, आता नुसतं बोट दाखवते.

सकाळी तोंड उघडेना. मग नेहमीची युक्ती केली. "ठमे, फूल कुठं लपलं? शोध बरं." ताटलीच्या तळाला मोठं लाल फूल आहे, घास संपले की दिसतं. लिंबू पिळून टोमॅटो कुस्करून दिला होता, आंबट तेवढं तिला आवडतं. खाल्लं सगळं. वर ताटली चाटली. तेवढंच मला बरं वाटलं.

५ मार्च, बुधवार

खालच्या शिवणवाल्या मावशी म्हणाल्या, "दाढा येत असतील गं. पोरांचं असंच असतं." असेल.

दुपारी वहिनीचा फोन आला. हसत होती. "वन्सं, तुमची फुलाची युक्ती लागू पडली हो. आमचा गोट्या आता ताटली चाटूनपुसून लख्ख करतो. मला धुवायचं कामच नाही."

मी फुशारून म्हटलं, "मग? सांगितलं नव्हतं?"

या ताटल्या मीच दिल्या तिला. अर्ध्या तिला, अर्ध्या मला. देताना काय बोलले ते आठवलं की कसंतरी होतं. म्हटलं होतं, "आता तरी पोचे पडलेल्या ताटल्यांत माणसांना वाढू नको." दादा ऐकत होता. वहिनीनं ताटल्या पदरानं पुसून फळीवर ठेवल्या.

आणि आधी माझ्याकडे तरी काय होतं? तिच्याच घरच्यासारखे पोचे. एकदा यांच्या मुकादमाची बायको अचानक जेवायला थांबली. ताटल्या पुरल्या नाहीत म्हणून मी पातेल्याच्या झाकणात जेवायला बसले. ती म्हणाली, "अगंबाई, झाकणात? म्हणजे एकाच भांड्यात शिजवायचं नि जेवायचं, छान सोय आहे." सगळे हसले. मीही हसले. धरणी फाटली असती तर आत गेले असते.

त्यानंतर डोक्यात एकच. चांगल्या ताटल्या. त्या आल्या आणि मी जुनी चादर फाडून टेबलावर अंथरायला केली, उरलेल्या तुकड्यांच्या घड्या घालून ताटल्यांशेजारी ठेवू लागले. रोज, दोन्ही वेळ. ठमीचे बाबा दारातच थबकायचे. "कोण येणार आहे? नवरदेव?"

मी म्हणायचे, "तुम्हीच या, हातपाय धुवून."

"पोट अन्नानं भरतं गं, ताटलीनं नाही."

म्हणायचे, पण ताठ बसून जेवायचे. मी बघितलंय. मुकादमाची बायको परत आली तेव्हा बोलायचीच थांबली. तो दिवस माझा होता.

६ मार्च, गुरुवार

डॉक्टरीणबाईंकडे नेलं. ठमीच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, पोट चाचपलं, रक्त काढून घेतलं. ठमी रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली. ती रडली असती तर बरं वाटलं असतं.

बाईंनी खूप विचारलं. भिंतीचा रंग उडालाय का? माती खाते का? खेळणी तोंडात घालते का? मग म्हणाल्या, "जेवते कशात?"

"चिनी मातीच्या ताटलीत."

"कुठून घेतल्या?"

मी म्हटलं, "मोठ्या दुकानातून. पूर्ण सेट आहे."

खोटं. हातगाडीवरून घेतल्या. पण बाईंच्या टेबलावर पांढरा शुभ्र कप होता, बशीवर चमचा आडवा ठेवलेला. तोंडातून निघून गेलं. बाई "बरं" म्हणाल्या आणि पुढचं विचारू लागल्या.

७ मार्च, शुक्रवार

भांडी घासताना ठमीची ताटली हातात आली. माझी तिच्याशेजारी धरली. माझ्या ताटलीतलं फूल लालभडक. तिच्या फुलाच्या पाकळ्या गेल्या आहेत. नुसता देठ उरलाय. मी घासते सगळ्या सारख्याच, त्याच काथ्यानं. मग तिचंच फूल कुठं गेलं?

चाटून गेलं.

मी तिची ताटली पुसून पिशवीत घातली.

गाडीवाला म्हणाला होता. कान बंद करून घेतले तरी तेच ऐकू येतंय. "ताई, या भिंतीवर टांगायच्या. शोभेच्या आहेत. जेवायच्या वेगळ्या येतात, त्या महाग." मागे बुडाच्या कडेला तार ओवायला भोकं होती, ती दाखवली पण होती त्यानं. मी म्हटलं, "हो हो, भिंतीवरच लावायच्यात." वाटलं, विकणाऱ्याची बडबड. ताटली ती ताटली. गरिबानं खाल्लं तर काय फुटणार आहे?

घरी येऊन ती भोकं मेणबत्तीच्या मेणानं बुजवली. वहिनीला दिलेल्यांचीसुद्धा. कुणाला कळू नये म्हणून.

८ मार्च, शनिवार, सकाळ

बाईंनी बोलावून घेतलं. ठमीच्या रक्तात शिसं निघालं. पुष्कळ. आजच्या आज मोठ्या दवाखान्यात दाखल करायचं. मी पिशवीतून ताटली काढली, त्यांच्या टेबलावर ठेवली, सगळं सांगितलं. गाडी, भोकं, मेण. मान वर करवेना.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी ताटली उलटी करून पाहिली, नखानं मेण उकरलं. म्हणाल्या, "आंबट पदार्थात हा रंग सुटतो. या ताटल्यांत आणखी कोण जेवतं? दुसरं लहान मूल आहे?"

मी म्हटलं, "नाही. आम्हीच."

का म्हटलं असं? ठमीची आई म्हणून माती खाल्ली हे सांगून झालं होतं. गोट्याची आत्या म्हणून पण खाल्ली, हे त्याच तोंडानं निघेना.

शनिवार, दुपार, निघताना

वहिनीला फोन लावला. तिनं उचलला. मागे गोट्याचा आवाज, चमचा आपटत होता. "बोला वन्सं." मी म्हटलं, "जेवलात का?" ती म्हणाली, "दुपारचं झालं, संध्याकाळचं कुस्करायला घेतलंय." मी म्हटलं, "बरं." आणि ठेवला. परत लावायला गेले तर हात उठेना. जिला मी पोच्यांवरून टोमणे मारले तिला हे कसं सांगू?

खाली रिक्षा थांबलीय. ठमी खांद्यावर आहे, मान टाकलीय तिनं. वही टेबलावर उघडी ठेवते, चादरीवर, जिथं ताटली मांडायचे तिथंच. किल्ली शिवणवाल्या मावशींकडे.

ज्याच्या हाताला लागेल त्यानं, मावशी, नाहीतर ठमीच्या बाबांनी, माझ्या दादाला फोन करा. त्याच्या कामावरचा नंबर कपाटाच्या दाराला आतून लिहिलाय. त्याला सांगा, फुलाच्या ताटल्या फोड. गोट्याला डॉक्टरकडे ने, रक्त तपासायला सांग. मी दिल्या, मला माहीत होतं, हेही सांगा. आत्ता करा. ती संध्याकाळचं वाढायच्या आत.